गांधी मार्गावरचा रस्सा

शिकागो म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा आठवतात स्वामी विवेकानंद. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत ते ज्या इमारतीत बोलले, तिथे आज शहराचे प्रसिद्ध कलासंग्रहालय आहे, आणि समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूवर त्यांच्या नावाची पाटीही आहे. त्यानंतर आठवतात ढगांत डोकी खुपसून उभ्या राहिलेल्या इमारती, आणि इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना जुन्या काळचे तिथले गुंड. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही पाटी पाहिली, इमारती पाहिल्या आणि मिशिगन सरोवरही पाहिले. रंकाळ्याच्या काठी वाढलेल्या बाईला पलीकडचा काठ न दिसणाऱ्या पाण्याला तळे म्हणताना जरा चाचरायलाच होते.

पण हे सारे प्रवासवर्णनांतून तुमच्या वाचनात कितीदा तरी आले असेल. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका रस्त्याविषयी, आणि त्या रस्त्यालगतच्या एका घरात सहा-सात तास शिजत राहणाऱ्या कोंबडीच्या रश्श्याविषयी. प्राध्यापकबाईंनी सातासमुद्रापलीकडे जाऊन पाहिले काय, तर कोंबडीचा रस्सा, असे कोणी म्हणेलही. म्हणोत बापडे!

शहराच्या उत्तर टोकाला डिव्हॉन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून आपण ‘डेव्हन’ म्हणायला जातो; पण तिथली माणसे ‘डिव्हॉन’ म्हणतात, आणि ठसक्यात म्हणतात. या रस्त्यावर उतरले की क्षणभर वाटते, विमान चुकून परत मुंबईला आले की काय. साड्यांची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, मिठाईवाले, पानाच्या गाद्या, फोनची कार्डे विकणारे, आणि फुटपाथवर खोळंबून गप्पा मारणारी आपली माणसे. मफत आणि तुलसी या दोघा पटेल बंधूंनी १९७४ साली याच रस्त्यावर एक लहानसे वाणसामानाचे दुकान काढले. आज अमेरिकाभर त्यांची दुकाने आहेत. परदेशी गेलेल्या हजारो घरांतली तूरडाळ, ज्वारीचे पीठ आणि हिंगाची डबी याच वाटेने येते.

शिकागो शहराची एक रीत मला फार आवडली. रस्त्याचे मूळ नाव न बदलता त्याच्या काही भागाला एखाद्या थोर व्यक्तीचे मानाचे नाव द्यायचे आणि तशी तपकिरी पाटी खांबावर लावायची. नामांतराची भांडणे नकोत आणि मोर्चेही नकोत. डिव्हॉनच्या एका भागाला महात्मा गांधींचे नाव आहे. कुठे महंमद अली जिनांचे आहे, कुठे शेख मुजीबुर रहमानांचे. आणि तसेच पश्चिमेकडे चालत गेलात की इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांची पाटी लागते. तिथून पुढे दुकानांच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरे दिसू लागतात, काळे कोट आणि काळ्या टोप्या घातलेले पुरुष दिसतात, शनिवारी सकाळी प्रार्थनेला निघालेली कुटुंबे पायी चालताना दिसतात. इतिहासाने ज्यांना वेगवेगळ्या बाजूंना उभे केले, ती नावे एका रस्त्याने एकापुढे एक ठेवली आहेत. सकाळी त्या साऱ्यांच्या खालून भाजीच्या पिशव्या घेऊन बायका जात असतात.

माझी धाकटी बहीण या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहते. विटांचे दुमजली घर. वरच्या मजल्यावर ही मंडळी, खालच्या मजल्यावर एक वृद्ध ज्यू बाई, एकट्या. बहीण एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. मेहुणे एका गोदामाचे हिशेब पाहतात. आठ वर्षांचा भाचा शाळेत जातो. आणि तीन वर्षांपासून आमची आई त्यांच्याकडे असते. वडील गेल्यावर कोल्हापूरच्या घरात ती एकटीच उरली होती. मी दिवसभर महाविद्यालयात. तेव्हा धाकटीने कागदपत्रे केली आणि ती आईला घेऊन गेली.

आईचे वय सत्त्याहत्तर. तिच्या हातच्या रश्श्याने आमच्या गल्लीतल्या निदान दहा लग्नांच्या सोयरिकी जमवल्या, असे वडील म्हणायचे. शंभर माणसांचे जेवण ती एकटीने चुलीवर उतरवत असे. त्या आईला शिकागोच्या घरात शेगडी पेटवायची बंदी होती.

बंदी घालणारी माझी धाकटी, आणि तिचेही खोटे नव्हते. वर्षभरापूर्वी एका सकाळी आई दूध तापत ठेवून देवापाशी बसली आणि तिथेच विसरली. दूध आटले, पातेले जळले, छताला लावलेले धुराचे यंत्र बोंबलू लागले. खालच्या आजी धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून बरे. त्यांनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि खुर्चीवर थरथरत बसलेल्या आईच्या हातात पाण्याचा पेला दिला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या दिवसापासून घरात कोणी नसताना शेगडीला हात लावायचा नाही, असे ठरले. सकाळी धाकटी जेवणाचा डबा भरून ठेवी, आई दुपारी तो गरम करून खाई.

मी गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले, आई खात नाही. म्हणजे ताटावर बसते, दोन घास चिवडते, उठते. मी विचारले तेव्हा म्हणाली, “आयतं खाऊन माणूस लवकर थकतंय बघ. हात चालला की भूक लागती.” एवढेच बोलली आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिली. तक्रार तिच्या स्वभावात नाही.

रात्री मी धाकटीजवळ विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, “आक्का, तू दीड महिन्यानं जाशील. मी तिथं रक्ताच्या नळ्या घेऊन बसलेली असते आणि डोक्यात तो अलार्म वाजत असतो. तिला काही झालं तर?” यावर मी काय बोलणार? एकीला घर जळायची भीती आणि दुसरी जळत होती ती रिकाम्या हाताने. दोघींचेही खरेच होते.

याच घरात, फ्रिजच्या वर, खोक्यातून न काढलेले एक यंत्र पडून होते. बहिणीच्या कुठल्याशा सहकारिणीने भेट दिलेला ‘स्लो कुकर’. तिकडे त्याला सर्रास ‘क्रॉकपॉट’ म्हणतात. आत लोणच्याच्या बरणीसारखे जाड, झिलईदार चिनी मातीचे भांडे. त्याभोवती पत्र्याचे वेष्टन, त्यात विजेच्या तारा. वर काचेचे झाकण. बटणावर ‘लो’ आणि ‘हाय’. ज्वाळा नाही, शिट्टी नाही, वाफेचा फुस्कारा नाही. साध्या दिव्याचे दोन-तीन जुने गोळे जेवढी वीज खात, साधारण तेवढी ते घेते, आणि सहा-आठ तासांत बेताबेताने अन्न शिजवते. पाणी आटत नाही. विसरलात तरी दुधासारखे उतू जात नाही.

धाकटीने आईला ते एकदा दाखवले होते. आईने झाकण उचलून आत पाहिले आणि निकाल दिला, “जाळ दिसंना, आवाज येईना, वास येईना. ह्यात शिजतंय म्हणून कुणी सांगितलं?” यंत्र पुन्हा खोक्यात गेले.

ते खाली उतरले ते खालच्या आजींमुळे. एका शनिवारी दुपारी त्यांनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावले. ज्यू धर्मात शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत विसाव्याचा दिवस, शब्बाथ. त्या वेळात कर्मठ माणसे विस्तव पेटवत नाहीत, बटण दाबत नाहीत, स्वयंपाक करत नाहीत. मग शनिवारी दुपारी ऊन ऊन जेवायचे कसे? यावरची त्यांची शेकडो वर्षांची युक्ती म्हणजे ‘चोलंट’ नावाचा पदार्थ. कडधान्य, बार्ली, बटाटे, कांदा आणि बहुधा मांस एका भांड्यात घालायचे, सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर चढवायचे आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. शब्दाची व्युत्पत्ती काही जण ‘उष्ण’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाशी लावतात. मराठीच्या अध्यापिकेला व्युत्पत्ती सांगितल्यावाचून राहवत नाही, एवढे चालवून घ्यावे. आम्ही येणार म्हणून आजींनी त्या आठवड्यात मांस घातले नव्हते. घेवड्याचे दाणे लोण्यासारखे झाले होते, बटाटा आतपर्यंत तपकिरी झाला होता.

आणि ते शिजले होते त्याच यंत्रात! मे अखेरीस तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो. त्याआधी आजींनी बटण लावले होते, आणि त्यानंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. आईने दोन घास खाल्ले, मग आणखी चार खाल्ले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तिखट न्हाई, मीठ बेताचं. पर शिजलंय झ्याक.”

आजींनी मग या यंत्राची कथा सांगितली. मी पुढे ती पडताळूनही पाहिली. अर्विंग नॅक्सन नावाचा एक ज्यू अभियंता या शिकागोतच राहत होता. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना, म्हणजे आजच्या व्हिल्निअस शहराकडची. ती आपल्या लहानपणची हकिगत सांगे. शुक्रवारी तिन्हीसांजेला ती आपल्या आईने भरून दिलेले चोलंटचे भांडे घेऊन गल्लीतल्या भटारखान्यात जायची. पाव भाजून झालेला असायचा, भट्टी विझत आलेली असायची. पण तापलेल्या विटांच्या धगीवर रात्रभर ते भांडे शिजायचे. मुलाने ही गोष्ट ऐकली आणि विजेच्या तारा भांड्याभोवती गुंडाळून ती धग घरात आणली. १९३६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली ते मिळाले. ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते भांडे काही वर्षे विकले गेले. नाव सांगते त्याप्रमाणे कडधान्ये शिजवायचे भांडे म्हणून. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली ‘क्रॉकपॉट’ हे नवे नाव देऊन बाजारात आणले. त्या काळात अमेरिकेत घराबाहेर पडून नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढत होत्या. सकाळी भरून जावे, संध्याकाळी येऊन वाढावे. स्वयंपाकीण बाहेर असली तरी स्वयंपाक चालूच राहतो, अशा अर्थाची त्याची जाहिरात असे. घरोघरी ते पोचले.

ज्या व्हिल्नाच्या गल्लीतून ती मुलगी भांडे घेऊन जात असे, तिथले ज्यू १९४१ नंतरच्या तीन वर्षांत जवळजवळ सगळे मारले गेले. ‘लिथुआनियाचे जेरुसलेम’ म्हणत त्या शहराला. आजी हे सांगताना थांबल्या, मग आईच्या वाडग्यात आणखी एक डाव घातला.

निघताना आईने धाकटीला सांगितले, “त्यास्नी म्हणावं, पुढच्या आठवड्यात माझ्या हातचा रस्सा खायाला या.” धाकटी घुटमळली. आजी फक्त ‘कोशर’ खातात; आमच्या भांड्यांतले त्यांना चालत नाही. आईला वाईट वाटेल म्हणून तिने भीत भीत हे समजावले. आई लगेच म्हणाली, “सोवळं हाय व्हय त्यांचं? मग काय बिघडलं? माझी आजेसासू न्हवती का तसली!” सातासमुद्रांवरचा धर्म तिने एका शब्दात ओळखला, आणि प्रश्न संपला.

त्याच संध्याकाळी खोके उघडले.

आता रश्श्याकडे येते. आमच्या कोल्हापुरात मटणाला आणि कोंबडीला एकच पहिली पायरी असते, ती म्हणजे अळणी. शब्दकोशात ‘अळणी’ म्हणजे मीठ नसलेले. पण आमच्याकडे हळद, मीठ, आले-लसूण लावून, तिखट न घालता शिजवलेल्या मांसाचे जे पाणी सुटते, त्याला अळणी म्हणतात. चुलीवरून उतरले की पहिली वाटी घरातल्या लहान पोराला, भाताबरोबर. मग त्याच अळणीत नारळाचे दूध, खसखस, तीळ घातले की पांढरा रस्सा. आणि लाल चटणीचे वाटण फोडणीला टाकून त्यात अळणी ओतली की तांबडा. ‘चटणी’ म्हणजे आमच्याकडे कांदा-लसणाचा मसाला. पानाच्या डाव्या बाजूची ती चटणी नव्हे. एका पातेल्यातून तीन पिढ्यांची तीन तोंडे सांभाळायची ही व्यवस्था आहे. तांबड्याची कीर्ती मुंबई-पुण्याच्या खाणावळींनी पसरवली. पण घराचा पाया अळणीत असतो, हे बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

आणि अळणीला लागते काय? मंद आच आणि वेळ. गावठी कोंबडी तर चुलीवर लवकर दादच देत नाही. मोठा जाळ ओढून घ्यायचा, निखाऱ्यांवर पातेले ठेवायचे, किंवा चुलीच्या मागच्या वैलावर सरकवायचे. मुख्य चुलीची उरलेली धग वैलाला मिळते. दूध, डाळ, आंघोळीचे पाणी त्यावर आपोआप होत राहते. व्हिल्नाच्या भटारखान्यातली विझती भट्टी आणि आमचा वैल यांत मला तरी काही अंतर दिसेना.

सोमवारी धाकटीची सुट्टी होती. आम्ही तिघी डिव्हॉनवर गेलो. ज्वारीचे पीठ, सुके खोबरे, खसखस, तीळ, आले, लसूण. मग कसायाकडे. काचेमागे गुलाबी, गुबगुबीत कोंबड्या मांडलेल्या. आईने एकीला बोटाने दाबून पाहिले. “ही जन्मात कधी चाललीच न्हाई वाटतं,” ती म्हणाली. अशी कोवळी कोंबडी सहा तास शिजवली की तिचा छातीचा भाग भुश्श्यासारखा कोरडा होतो आणि बाकीची हाडांवरून गळून पडते. म्हणून कोवळी घेतलीच तर हाडासकट तंगड्या घ्याव्यात आणि वेळ कमी ठेवावा. पण तिथे अंडी देऊन थकलेली, जून कोंबडीही वेगळी मिळते. आईने तीच घेतली. “म्हातारीलाच चव आसती,” म्हणाली, आणि स्वतःच हसली. तीन वर्षांत तिला तसे हसताना पाहिले नव्हते, असे धाकटी मला नंतर म्हणाली.

मंगळवारी धाकटी कामावर गेली. अकराच्या ठोक्याला आई पदर खोचून उभी राहिली. दीड किलो कोंबडी, कातडे काढून, मध्यम तुकडे. त्याला अर्धा चमचा हळद, बोटभर आले आणि पंधरा लसूणपाकळ्यांचे वाटण, आणि दीड चमचा मीठ, कारण आईचा रक्तदाब. दोन कांदे बारीक चिरून तळाशी. चार मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. वर पाच वाट्या कढत पाणी, किटलीतले. चुलीवर आठ वाट्या लागल्या असत्या. पण इथे वाफ झाकणाला लागून परत खाली येते, म्हणून पाणी कमी. पहिला एक तास ‘हाय’वर, म्हणजे भांडे लवकर तापावे, मग सहा तास ‘लो’वर. तेल एक थेंब नाही.

आणि मग आई खुर्ची ओढून भांड्यासमोर बसली! दहा मिनिटांनी झाकण उचलायला हात गेला. खालच्या आजींनी बजावले होते, झाकण एकदा उघडले की वीस मिनिटांची धग जाते. आईने हात मागे घेतला. मग काचेतून पाहू लागली. पहिला तास काही नाही. नंतर काचेवर थेंब जमले, ओघळले. दोन तासांनी कडेला एक बुडबुडा आला. तिसऱ्या तासाला घरात वास पसरला, आणि आई उठून लसूण सोलायला बसली, उद्यासाठी. ज्या यंत्राजवळ कोणी थांबायला नको म्हणून ते बनवले गेले, त्याच्याजवळ या घरात कोणीतरी दिवसभर थांबणार होते.

भाचा शाळेतून आला तो दारातूनच ओरडला, “आज्जी, काय करतीयस?” तीन वर्षांत त्याला हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती.

सहा वाजता धाकटी आली. झाकण उघडले. मांस हाडाला धरून होते आणि चमचा लावला की सुटत होते. वर पिवळसर अळणी. यंत्राची एक उणीव मात्र सांगायला हवी. त्याची आच पाण्याच्या उकळीच्या पलीकडे जात नाही, म्हणून त्यात काही भाजले जात नाही, तांबूस होत नाही. कांदा-खोबऱ्याचे खमंग वाटण आणि फोडणी याला खरा विस्तवच हवा. ते वाटण धाकटीने रविवारीच भाजून, वाटून फ्रिजमध्ये ठेवले होते. आता तिने आईच्या शेजारी उभे राहून शेगडी पेटवली. आईने तेल तापवले, वाटण आणि चटणी परतली, त्यावर डावाने अळणी ओतली. पाच मिनिटे. शेगडी बंद. जड भांडे कोणी उचलायचे नाही, डावानेच काढायचे, हा नियम धाकटीने घातला. आईने तो ऐकला. नारळाचे दूध अगदी शेवटी, वाटीभर अळणी वेगळी काढून तिच्यात. लांब शिजवले की ते फाटते.

भाच्याला अळणी-भात, आईला पांढरा, आम्हांला तांबडा आणि भाकरी. भाच्याने तिसऱ्यांदा भात घेतला. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी कोणाच्या नकळत त्या मोजल्या. खालच्या आजींसाठी आमच्याकडून गेली ती सफरचंदांची एक पिशवी. सोवळ्याला धक्का नको.

इकडे राहून हे करू पाहणाऱ्यांसाठी चार शब्द. तिकडून येताना हे यंत्र आणू नका. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, सरळ लावले तर जळेल. इथे आपल्या विजेवर चालणारे मिळते. तेही नको असेल तर जाड बुडाचे पातेले, झाकणाला कणकेची वळी लावून, सगळ्यांत बारीक आचेवर अडीच-तीन तास पुरे. पण मग जवळ माणूस हवे. यंत्रात बर्फ झालेले मांस तसेच टाकू नये. भांडे सावकाश तापते, तोवर ते नासायची भीती असते. राजमा घालायचा असेल तर आधी भिजवून, खळखळत्या पाण्यात दहा मिनिटे उकळल्याशिवाय यात घालू नये. मंद आचेने त्यातले विष जात नाही. बटाटा, गाजर तळाशी ठेवावे. ते मांसापेक्षा उशिरा शिजतात.

आपल्याला हे अगदी नवीन आहे असेही नाही. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली कोळशावर चालणारा ‘इकमिक कुकर’ काढला होता. डब्यावर डबा रचून खाली निखारे ठेवायचे आणि कामाला जायचे. खोली घेऊन राहणाऱ्या कित्येक कारकुनांची आणि विद्यार्थ्यांची त्याने पोटे भरली. आमच्या एका चुलत आजोबांच्या माळ्यावर त्याचे पितळी डबे मी स्वतः पाहिले आहेत. पुढे प्रेशर कुकर आला, शिट्ट्या मोजणे आले, आणि वीस मिनिटांत डाळ झाली. घाईच्या घरांना ते वरदानच ठरले, त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. माझ्याही घरी रोज सकाळी तीन शिट्ट्या होतात.

मात्र एका गोष्टीचा विचार आपल्याकडे होत नाही. म्हाताऱ्या माणसांना आपण आराम देतो. शेगडी काढून घेतो, सुरी काढून घेतो, “तुम्ही बसा” म्हणतो. भीती खरी असते आणि प्रेमही खरे असते. पण ज्यांच्याजवळ वेळ भरपूर आणि बळ थोडे, त्यांना जमेल असे काम घरात कुठले उरले आहे, हे कोणी शोधत नाही. सगळी यंत्रे आपण घाईच्या माणसांसाठी आणतो. हे भांडेही त्यांच्यासाठीच विकले गेले. आमच्या घरात ते सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला मानवले, कारण त्याला घाई नाही, आणि ती विसरली तरी ते सांभाळून घेते.

यात सगळे सुटले, असे नाही. आईला अजून शेगडी हवी आहे. भाकरी यंत्रात होत नाही आणि फोडणीसाठी लेकीची वाट पाहावी लागते, याचा तिला राग येतो. धाकटीने अजून परवानगी दिलेली नाही. मला वाटते, ती देणारही नाही, आणि आईच्या जिवाकडे पाहता तिला दोष देता येत नाही. दोघींमध्ये आठवड्याला एकदा तरी यावरून खटका उडतो. पण आता खटका उडतो तो स्वयंपाकघरात, काहीतरी शिजत असताना.

मी परतले. आता दर शनिवारी सकाळी आईचा फोन येतो. तिथे तेव्हा शुक्रवारची रात्र असते. प्रकृती विचारली की ती एका वाक्यात उरकते. मग आज काय चढवले होते, पाणी किती घातले, किती वाजता वास सुटला, पोराने किती खाल्ले, हे सविस्तर. गेल्या खेपेस म्हणाली, खालच्या आजींचे चोलंट सूर्य मावळायच्या आत चढले की नाही, हे ती जिन्यातून हाक मारून विचारते. कुठल्या भाषेत विचारतेस, असे मी म्हटले.

“आपल्याच की,” आई म्हणाली. “त्यास्नी कळतंय.”